वाचकांचे प्रश्न : इंग्रजी साहित्यात ऑनर्स करावे का?

प्रश्न : मी अकोले तालुक्यातील एका गावात राहते आणि कला शाखेत बारावीच्या वर्गात शिकते. माझे आजवरचे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी साहित्यात चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु मराठी माध्यमातून आलेल्यांना हा विषय झेपत नाही, असे अनेक जण सांगतात. वडिलांना वाटते, मी डी.एड. करून लवकर नोकरीला लागावे. तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स यांत नेमका फरक काय? या पदवीनंतर पुढे काय करता येते? पुण्याला जावे की दिल्लीला? कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थिनी, जि. अहिल्यानगर

उत्तर : तुमच्या पत्रातील पहिली शंका सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी साहित्य झेपत नाही, हे मत मला मान्य नाही. त्यात अस्खलित बोलणे आणि बारकाईने वाचणे या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. प्रथम वर्षाच्या वर्गात इंग्रजी शाळांतून आलेली मुले भराभर बोलतात आणि तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी शेवटच्या बाकावर गप्प बसते, हे दृश्य सर्वत्र दिसते. पण ऑनर्सच्या उत्तरपत्रिकेत विचारले जाते ते वेगळेच: ही कविता कोण बोलते आहे, ही ओळ इथेच का थांबते, कादंबरीतील निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा. तुकोबांचा अभंग किंवा बालकवींची कविता ज्याने मन लावून वाचली आहे, त्याला असे प्रश्न परके नसतात.

अडचणी नसतात असे मात्र नाही, आणि त्या आधीच ओळखून ठेवल्या तर पहिले वर्ष पुष्कळ सुसह्य होते. पहिली अडचण वेगाची. एकाच सत्रात दोन कादंबऱ्या, एखादे नाटक आणि कवितांचा मोठा संच वाचावा लागतो, आणि मराठीत दोन दिवसांत संपणारे पुस्तक इंग्रजीत तीन आठवडे घेते. यावर रोजच्या वाचनाखेरीज उपाय नाही. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत सोप्या भाषेतील दोन-तीन इंग्रजी कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबू नका. शब्दकोश दुसऱ्या वाचनाच्या वेळी उघडा.

दुसरी अडचण जुन्या भाषेची. शेक्सपिअरची नाटके सुमारे चारशे वर्षांपूर्वीची आहेत आणि ती इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनाही टिपांशिवाय कळत नाहीत, हे लक्षात ठेवले तर न्यूनगंड कमी होईल. तळटिपा असलेली चांगली आवृत्ती घ्या, एक प्रवेश मोठ्याने वाचा आणि मग त्याच प्रवेशाचे मराठी रूप शोधा. मराठी वाचकाकडे या बाबतीत मोठे धन आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते १८८३ मध्ये, ‘विकारविलसित’ या नावाने. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले, विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ केले, आणि विंदा तर व्यवसायाने इंग्रजीचेच प्राध्यापक होते. मूळ आधी आणि मराठी नंतर, हा क्रम मात्र मोडू नका.

तिसऱ्या अडचणीविषयी कोणी फारसे सांगत नाही. इंग्रजी कवी वाचकाला बायबल आणि ग्रीक पुराणकथा ठाऊक आहेत असे गृहीत धरतो, जसा मराठी कवी रामायण-महाभारत ठाऊक असल्याचे गृहीत धरतो. इंग्रज कवी मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे आदम-हव्वेच्या कथेवरचे महाकाव्य उघडण्यापूर्वी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे वाचलेली असली, तर अर्धे कोडे तिथेच सुटते. ही प्रकरणे मराठी बायबलातून वाचली तरी चालते, कारण इथे कथा आणि पात्रे ठाऊक होण्याशी मतलब आहे.

आता गाइडांविषयी. परीक्षेच्या आधी महाविद्यालयाबाहेरच्या दुकानांत प्रत्येक पेपरची तयार उत्तरे विकत मिळतात आणि ती पाठ करून बरेच विद्यार्थी उत्तीर्णही होतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूळ पुस्तक न वाचता त्यावरचे दुसऱ्याचे मत पाठ करणारा विद्यार्थी तीन वर्षांनंतर ना इंग्रजी शिकलेला असतो, ना साहित्य. आणि मराठी माध्यमाच्या मुलांना ‘जमत नाही’ असे जे म्हटले जाते, त्यामागे माध्यमापेक्षा ही सवयच अधिक असते. आठवड्यातून एकदा एखाद्या कवितेवर दोनशे शब्द स्वतःचे लिहा, व्याकरण चुकले तरी लिहा, आणि ते प्राध्यापकांना दाखवा. अभ्यासक्रमात ज्याला ‘स्पेशल इंग्लिश’, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतलेले इंग्रजी, म्हणत आले आहेत, त्या वर्गांत मुले थोडी असतात, त्यामुळे लिखाण तपासून देणारे शिक्षक अजूनही भेटतात.

तीन आणि चार वर्षांचा फरक असा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात प्रत्येक सहामाही सत्राला साधारण २२ श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) असतात. तीन वर्षांत १३२ श्रेयांक झाले की पदवी मिळते आणि चौथे वर्ष पूर्ण करून १७६ झाले की ऑनर्स. म्हणजे चार वर्षांचा निर्णय आज घ्यावा लागत नाही. तृतीय वर्ष संपताना तो घेता येतो. चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत. एक साधे ऑनर्स आणि दुसरे संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात आणि त्यात संशोधन प्रकल्प करावा लागतो. प्रत्येक महाविद्यालयात चौथे वर्ष असेलच असे नाही, संशोधनाचे तर नाहीच, म्हणून प्रवेश घेतानाच त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का, हे विचारून घ्या.

ज्यांना एम.ए. करायचेच आहे, त्यांच्या दृष्टीने वेळेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच येतो: तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, ऑनर्सनंतर एका वर्षाचे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह मिळवली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र होता येते. परंतु महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर पदव्युत्तर पदवी लागतेच आणि तिच्या जोडीला नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी.

वडिलांची काळजी रास्त आहे. घरात उत्पन्न लवकर यावे, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. त्यांना एवढे सांगा की पदवीनंतर बी.एड. करून माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्याचा मार्ग मोकळा राहतो, आणि पदवीधर झाल्यावर लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही देता येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तर इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. याखेरीज भाषांतर, प्रकाशन, वृत्तपत्रे आणि कंपन्यांतील लेखन-संपादन ही क्षेत्रे आहेत. तेथे नुसती पदवी पाहून कोणी घेत नाही, लिहिलेले दाखवावे लागते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी माणसे भाषांतराच्या कामाला फार थोडी मिळतात, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांवर नव्हे, तर २०२२ पासून सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारास, कधी त्याही आधी भरावा लागतो. वसतिगृहातील जागा तेथे मोजक्या असतात, त्यामुळे राहण्याचा खर्च आधी पाहा. माझे मत विचाराल तर पदवीसाठी पुणे, नाशिक किंवा संगमनेर पुरेसे आहे, फक्त महाविद्यालयाचे ग्रंथालय स्वतः जाऊन पाहा आणि इंग्रजी साहित्याच्या कपाटातील पुस्तके विद्यार्थी घरी नेऊ शकतात का, हे विचारा. दिल्ली किंवा हैदराबादचा विचार एम.ए.च्या वेळी करावा.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. मी मडगावला बँकेत नोकरी करतो. वाणिज्य शाखेची पदवी आहे. इंग्रजी साहित्य शिकायचे राहून गेले. नोकरी न सोडता ते आता शक्य आहे का?
— एक वाचक, गोवा

उत्तर : निश्चित शक्य आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इंग्रजी विषयाची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येते, त्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही, आणि अभ्यासपुस्तिका घरपोच किंवा संगणकावर मिळतात. तुमच्याकडे पदवी आहेच, म्हणून थेट एम.ए. इंग्रजीलाही प्रवेश घेता येईल. पण साहित्याचा अभ्यास पूर्वी केलेला नसेल, तर मी पदवीपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरीन, कारण एम.ए.च्या पुस्तिका कवितेचे किंवा नाटकाचे प्राथमिक वाचन झालेले आहे असे धरून चालतात. दूरस्थ शिक्षणात वर्गातील चर्चा नसते आणि ही उणीव खरीच जाणवते, तेव्हा एखादा वाचनाचा जोडीदार शोधा. सत्रकार्ये (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) वेळेत जमा करा, कारण तीच राहून गेल्याने नोकरदार विद्यार्थ्यांचे वर्ष लांबते.