हिरव्याखालचा तपकिरी थर

प्रश्न : नमस्कार. माझ्या आजोबांनी १९४८ साली मुंबईत लिलावात लष्कराचा जुना शेवरोले ट्रक घेतला. घरात त्याला अजून ‘डिस्पोजलचा ट्रक’ म्हणतात. स्टिअरिंग उजवीकडे, चारही चाकांना ड्राइव्ह, आणि पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली. वीसेक वर्षं त्यातून गुळाच्या ढेपा वाहिल्या, मग तो गोठ्याशेजारी शेडमध्ये उभा राहिला. यंदा इंजिन चालू झालं. आता प्रश्न रंगाचा आहे. पेंटर म्हणतो, ‘मिलिटरी ग्रीन’चा तयार डबा मिळतो, तो मारू. सीटखालची पेटी काढली तेव्हा आजोबांनी दिलेल्या निळ्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली तपकिरी रंग दिसला. पेंटरच्या मते तो तपकिरी म्हणजे प्रायमर, रंगाआधी देतात ते अस्तर. इंटरनेटवर कुणी ३४०८७ नंबर सांगतं, कुणी २२०. यातला खरा रंग कोणता?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी पेंटरला थांबवा. तुम्हाला हवा असलेला रंग सीटखालच्या त्या पेटीला चिकटलेला आहे आणि त्यावरून ग्राइंडर फिरला तर तो पुन्हा मिळणार नाही.

हे मी इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. पुण्यात एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काम केलं. सुरुवातीच्या वर्षांत डॉज वेपन कॅरियर ही एक जुनी लष्करी गाडी माझ्याकडे आली होती. मी दोन दिवसांत सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून, पत्रा लख्ख केला. मालक खूश झाले. पंधरा दिवसांनी त्यांचे वडील आले. तसलीच गाडी त्यांनी फौजेत चालवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, “बॉनेटवरचा नंबर उतरवून घेतलात ना?” जुन्या थरांखाली तो नंबर असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यानंतर एकाही जुन्या गाडीला मी थर न वाचता हात लावला नाही.

तुमच्या वर्णनावरून हा कॅनडात बनलेला लष्करी शेवरोले दिसतो. काच अशी झुकवली होती ती आकाशातल्या विमानाला तिची चकाकी दिसू नये म्हणून. १९४१च्या अखेरीपासूनच्या केबिनची ही खूण. ट्रक तीन टनी असेल तर त्याचं नाव सी-६०. सी म्हणजे शेवरोले आणि ६० म्हणजे साठ हंड्रेडवेट, म्हणजेच तीन टन. हे ट्रक ब्रिटिश आणि त्यांच्याबरोबरच्या फौजांसाठी बनत, त्यामुळे रंगही ब्रिटिश नियमांप्रमाणे लागायचे. तुमच्या तपकिरी थराचं उत्तर तिथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश गाड्या खाकी हिरव्या असत. पण हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साईडची टंचाई झाली. १९४२पासून मुख्य रंग म्हणून एक तपकिरी आला. त्याचं नाव एस.सी.सी. २, म्हणजे ठरवून दिलेल्या कॅमोफ्लाज रंगांतला दुसरा. तो साधारण ओल्या मातीच्या ढेकळासारखा दिसतो. तपकिरी रंग लोखंडाच्या ऑक्साईडपासून होतो आणि ते मुबलक होतं. मग एप्रिल १९४४मध्ये एस.सी.सी. १५ हा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मातकट हिरवा, आला. तो अमेरिकी रंगाच्या जवळचा ठरवला होता, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागू नयेत. म्हणून १९४२ ते १९४४ या काळातला ट्रक तळाशी तपकिरी निघाला तर मला मुळीच नवल वाटणार नाही. वरचा हिरवा नंतरचा असेल. लष्करात असतानाच दुसऱ्यांदा मारलेला, किंवा विक्रीच्या आधीचा.

तरी पेंटरचं म्हणणं तपासून बघा, कारण तोही अनुभवाने बोलतो आहे. रेड ऑक्साईड प्रायमर विटेसारखा लालसर असतो. तुमचा थर मातकट, किंचित पिवळसर असेल आणि त्याच्याखाली आणखी एक लाल किंवा करडा थर निघाला, तर तो तपकिरी म्हणजे रंगच.

हे बघायचं कसं, ते नीट सांगतो. पेटीचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. ६०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) भिजवा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत हलक्या हाताने गोल गोल फिरवा. मधोमध पत्रा दिसला की १००० नंबरच्या पेपरने कडा पसरत न्या. थोड्या वेळात झाडाच्या खोडावर असतात तशी वलयं दिसू लागतील : आतून बाहेर प्रायमर, तपकिरी, हिरवा, निळा. भर सावलीत, उघड्यावर त्याचा फोटो काढा. घासणं ओलंच ठेवा, मास्क लावा आणि मुलांना शेडपासून लांब ठेवा. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका.

एका जागेवर विसंबू नका. डॅशबोर्डवरची मीटरची पाटी सोडवून तिच्यामागे बघा, दाराच्या बिजागरीखाली बघा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या क्लॅम्पखाली बघा. केबिनमध्ये माहितीची धातूची पट्टी शिल्लक असेल तर तिच्यावरचं सगळं लिहून घ्या, मग स्क्रू काढून मागचा रंग बघा. मागचा हौदा मात्र वेगळा तपासा. असे ट्रक बऱ्याचदा सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यायचे, इथे जोडले जायचे आणि हौदाही इथेच बांधला जायचा. केबिन आणि हौदा यांचा पहिला रंग एकच असेल असं गृहीत धरू नका.

अजून एक फसगत इथे होते. तेलाचा जुना रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो. म्हणून सीटखालचा नमुना खऱ्यापेक्षा पिवळा दिसतो. पेटी आठवडाभर उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरेल. उलट बॉनेटवरचा रंग उन्हाने पांढुरका, खडूसारखा झालेला असतो. तो ओल्या फडक्याने पुसलात तर खालची छटा क्षणभर वर येते. मी या दोन टोकांच्या मधली छटा धरतो.

आता ते नंबर. ३४०८७ हा अमेरिकी सरकारी रंगकोशातला, आणि तो कोश १९५६ साली आला. तुमचा ट्रक तोवर गूळ वाहत होता. त्यातला पहिला आकडा चकाकी सांगतो : १ असेल तर चकचकीत, २ असेल तर अर्धी चकाकी, ३ असेल तर मॅट. दुसऱ्या आकड्यावरून रंगाचा गट कळतो. अमेरिकी जीपवाल्यांना त्याचा उपयोग आहे, तुम्हाला नाही. २२० हा आपल्या भारतीय मानकातला ऑलिव्ह ग्रीन. रंगाच्या दुकानात ‘मिलिटरी ग्रीन’ मागितला की बहुधा त्याच्याच आसपासचा डबा समोर येतो. नंतरच्या गाड्यांना तो शोभतो, पण तुमच्या ट्रकच्या पहिल्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या नियम १२१प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतंही मोटार वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. बरेच हौशी लोक हे रंग लागल्यावर कळून हळहळतात. तुमच्या बाबतीत मात्र जुना रंग आणि कायदा एकाच बाजूला उभे आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद होतो आहे. वलयांत तपकिरी पक्का ठरला तर तोच लावा. हा ट्रक कारखान्यातून निघाला तसा दिसेल आणि नियमाचीही अडचण येऊ नये. तरी आर.सी. बुकात रंग कोणता लिहिला आहे तो वाचा आणि नमुन्याचा पत्रा घेऊन आरटीओत जा. मिळेल ते उत्तर लेखी घ्या.

एस.सी.सी. २ तयार डब्यात मागून मिळेल या आशेवर राहू नका, तो जमवावा लागतो. पिवळा ऑक्साईड, लाल ऑक्साईड, काळा आणि थोडा पांढरा, एवढ्यात तो बसतो. दुकानातल्या मशीनला नमुना दाखवायला हरकत नाही, पण जुन्या खरबरीत मॅट थरावर ती चुकते, म्हणून शेवट डोळ्यानेच करा. वीत-वीतभर पत्र्याचे पाच-सहा तुकडे घ्या, त्यांना गाडीला लावणार तोच प्रायमर द्या, त्यावर स्प्रे गनने दोन हात मारा आणि आठवडाभर वाळू द्या. ओला रंग बघून कधीच होकार देऊ नका. तुकडा वलयाशेजारी धरा तो सकाळी, सावलीत. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तपकिरी अंगणात वेगळे निघालेले मी कितीदा पाहिले आहेत. जुळलेल्या तुकड्याच्या पाठीवर प्रत्येक रंगाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. मग पूर्ण ट्रकला पुरेल एवढा रंग एकदाच, एकाच भांड्यात बनवा.

मॅट हवाच. पेंटर चमक आणायचा आग्रह धरेल, कारण त्याच्या हातच्या कामाची ओळख चकाकीतच असते. त्याला समजावून सांगा. तीच छटा चकचकीत केली की गडद आणि गोड दिसते, सगळं मुसळ केरात. लांबीही (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी) जपून भरा. गुळाच्या ढेपा उतरवताना पडलेले पोचे मी तुमच्या जागी असतो तर तसेच ठेवले असते. प्रायमर झिंक फॉस्फेटचा घ्या. वर पॉलिश किंवा वॅक्स नको.

खुणांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रंग झाला की घरातलं कुणीतरी दोस्त राष्ट्रांच्या गाड्यांवरचा पांढरा तारा रंगवायला सांगणारच. पुराव्याशिवाय तो रंगवू नका. तीन टनी ट्रकच्या बॉनेटच्या बाजूला ‘एल’ अक्षराने सुरू होणारा पांढरा नंबर असायचा. तिथला निळा थर घासताना पेपर अगदी हळू चालवा, अर्धा आकडा दिसला तरी लगेच थांबा आणि फोटो घ्या. पुढे पिवळी चकती असू शकते, ट्रक कोणत्या वर्गाच्या पुलावरून नेता येईल ते तिच्यावरून कळायचं. मागच्या डिफरन्शिअलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोल डब्यावर, पांढऱ्या रंगाचे अवशेष निघाले तर ते जपा. रात्री ताफ्यात, दिवे झाकलेले असताना, मागच्या ड्रायव्हरला तो पांढरा गोळाच दिसायचा. बाणाची नंबरप्लेट मात्र अजिबात लावू नका, ती फौजेचीच.

आणि आजोबांचा निळा? दारावर त्यांच्या हातची काही अक्षरं असतील, तर एका दाराची आतली बाजू निळीच राहू द्या. सीटखालची वलयंही रंगाखाली झाकू नका. त्यांच्यावर पातळ क्लिअर लाखेचा एक हात द्या, शेजारी खिळ्याने तारीख कोरा आणि पेटी पुन्हा बसवा.