पल्पचा 'मोअर' हा नवा अल्बम ऐकण्यासारखा आहे का? मी आधीचं काहीच ऐकलेलं नाही.

हो, बिनधास्त ऐका. आधीचं ऐकलेलं नसलं तरी काही अडत नाही.

पल्प हा इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना रॉक बँड. 'मोअर' आला जून 2025 मध्ये, आधीच्या अल्बमनंतर तब्बल 24 वर्षांनी. इतक्या वर्षांनी परतणारे बँड बहुधा जुनीच कढी पुन्हा ऊत आणून वाढतात. इथे तसं नाही. बँडचा गायक आणि गीतकार जार्व्हिस कॉकर साठीला टेकलेला माणूस आहे आणि तो वय लपवत नाही. 'टीना' हे गाणं ऐका: बाई नुसती दिसते, हा तिच्याशी एक शब्द बोलत नाही, पण मनातल्या मनात सगळा संसार थाटून मोकळा! असलं लिहावं तर त्यानेच. 'ग्रोन अप्स' मात्र मला जरा लांबलेलं वाटलं.

निर्माता जेम्स फोर्ड, म्हणजे आर्क्टिक मंकीज या बँडचे अल्बम करणारा. ध्वनिमुद्रण तीनेक आठवड्यांत उरकलं, म्हणून वाजवण्यात ताजेपणा आहे. बँडचा बेसवादक स्टीव्ह मॅकी 2023 मध्ये गेला. अल्बम त्यालाच अर्पण केलाय.

सुरुवात 'स्पाइक आयलंड' या गाण्यापासून करा. आवडलं तर मग 1995 चा 'डिफरंट क्लास' घ्या, तो तर सोडूच नका.