थंड पाण्याच्या भागात स्कूबा डायव्हिंगचं दुकान चालवणं इतकं अवघड का जातं?

कारण कमाई उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत होते आणि खर्च बारा महिने चालू राहतो. डायव्हरचे हवेचे सिलिंडर भरून देण्यात फारसं सुटत नाही, तरी कॉम्प्रेसरचे फिल्टर वेळेवर बदलावेच लागतात. नाहीतर दूषित हवा डायव्हरच्या जिवावर बेतते. खरं दुखणं भाड्याने द्यायच्या ड्रायसूटचं, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणाऱ्या पोशाखाचं. प्रत्येक मापाचा सूट ठेवायचा, आणि मानेचं किंवा मनगटाचं लेटेक्स सील फाटलं की नवं चिकटवून पक्कं वाळेपर्यंत तो सूट पडून. १० अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात साधा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने देणारं उपकरण) गोठून हवा सुटत राहू शकते, म्हणून थंड पाण्यासाठीचे महागडे रेग्युलेटरच घ्यावे लागतात. मात्र वर्षभर उपकरणांच्या सर्व्हिसिंगचं किंवा व्यावसायिक डायव्हरचं काम मिळत असेल, तर गणित जमू शकतं.