पोळ्याचे बैल कोरायला घडीचा चाकू कोणता घ्यावा?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: राहणार शिरपूरकडचे, पोळ्यासाठी लाकडाचे वीतभर बैल आणि घरच्यासाठी चमचे कोरायला शिकायचंय. जुन्या पद्धतीचा, खिशात मावणारा घडीचा चाकू हवाय. एका पात्याचा घ्यावा की तीन पात्यांचा, आणि साधं पोलाद की स्टेनलेस?

भाऊ, चमचे आधी बाजूला ठेवा. चमच्याचा दांडा घडीच्या चाकूने उत्तम होतो, पण खोलगट भाग होत नाही. त्याला वाकड्या पात्याचा चाकू किंवा गोल पटाशी लागते. बैल, विटी, भोवरा, खुंट्या एवढं मात्र एका चांगल्या चाकूत निघतं.

पाती किती, यापेक्षा धारेची रेघ कशी आहे ते बघा. कोरीव कामाला धार पट्टीसारखी सरळ हवी आणि पाठ पुढे उतरत येऊन टोकाला धारेशी मिळायला हवी. अशा पात्यांना शीप्सफूट किंवा वॉर्नक्लिफ म्हणतात. टोक धारेच्याच रेषेत असल्यामुळे पाठीवर अंगठ्याने दाब दिला की जोर सरळ टोकापर्यंत जातो. बैलाचा डोळा, कान, खुराची फट ही सगळी टोकाची कामं. पोट सुटलेल्या पात्याचं टोक वर गेलेलं असतं, त्यामुळे दर कापाला मनगट उचलावं लागतं. लांबी 4 ते 6 सेंमी पुरे. पाठीची जाडी 2 मिमीच्या आसपास किंवा कमी. जाड पातं पाचरीसारखं वागतं, म्हणजे लाकूड कापलं जाण्याआधीच धारेच्या पुढे फाटतं आणि कानाची कड कापायला जावं तर अख्खा कान हातात येतो.

तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’ हा जुना अमेरिकी घाट. त्यात एक क्लिप (टोकाकडे पाठ कापून अणकुचीदार केलेलं), एक शीप्सफूट आणि एक स्पे. हे स्पे पातं जनावरांच्या खच्चीकरणासाठी घडवलेलं, लाकडी बैलाला त्याची गरज नाही! पण मधलं शीप्सफूट कामाचं असतं. अडचण एवढीच की बाकीची दोन मिटलेली पाती मुठीतून किंचित वर राहतात आणि अर्ध्या तासात तळव्याला टोचायला लागतात. म्हणून माझा कौल एक किंवा दोन पात्यांना.

दुकानात घेताना चाकू उघडून पातं आडवं हलवून बघा. कटकट वाजलं तर ठेवून द्या, बारीक कामात ते दरवेळी दोन केस सरकणार. मिटलेल्या चाकूचं टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेलं हवं. जुन्या घाटाच्या चाकूंना बहुधा कुलूप नसतं, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगवर उभं राहतं. धारेवर दाब देताना ते आणखी उघडायलाच बघतं, म्हणून तासायला काही अडत नाही. टोक खुपसलं किंवा धार लाकडात नसताना पाठीवर दाब आला की मात्र पातं बोटांवर मिटतं. चाकूने भोक पाडायचं नाही, ते गिरमिटाचं काम. टोकाने उचकटायचंही नाही, कारण टोकं मोडतात ती पिळल्यामुळेच.

नावंच हवी असतील तर फ्रान्सचा ओपिनेल सुरुवातीला चांगला. पातं एकच, पातळ, मूठ गोलसर लाकडी. 1955 पासून त्याला फिरवून लावायची कडी असते, म्हणून पातं मिटत नाही. 8 नंबरचं पातं साडेआठ सेंमी, बैलासाठी लांब पडतं. 6 नंबर घ्या. एक खोड मात्र आहे. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. तेव्हा नखाने ओढत बसू नका, मुठीचं बूड टेबलावर हलकं आपटा, पातं थोडं बाहेर येतं. उलट आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मूठ आटते आणि पातं सैल होतं. सांध्याला आणि मुठीला जवसाचं तेल मुरवलं तर दोन्ही त्रास कमी होतात. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या 91 मिमी (मिटलेल्या चाकूची लांबी) चाकूतलं लहान पातं कोरायला मोठ्यापेक्षा सरस. पण खूप थरांचा जाडजूड नको, दोनच थरांचा (पात्या-अवजारांच्या दोन ओळींचा) घ्या.

कृषी सेवा केंद्रात कलमं बांधायचा घडीचा चाकू मिळतो, त्याची धार सरळ असते आणि तो स्वस्तही पडतो. मात्र बऱ्याच कलमी चाकूंची धार एकाच बाजूने उतरती असते, म्हणून लाकडात पातं एका बाजूला ओढत जातं. सपाट पृष्ठ काढायला छान, खोबणीला वैताग. डावखुऱ्यांनी आधी धारेची बाजू तपासावी.

पोलाद साधं घेतलं तर धार लवकर लागते, पण घामाने आणि पावसाळ्यात गंजतं. बाभळीसारखं टॅनिनचं लाकूड कापलं की पातं काळं पडतं, तो काळेपणा गंज नव्हे, राहू द्या. काम झालं की पुसून शिवणयंत्राचं तेल सांध्यात एक थेंब. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होतं आणि उन्हाळ्यातली धूळ धरून ठेवतं.

आता खरी गोष्ट, धार. नवा चाकू भाजी-दोरीच्या हिशेबाने धारेला जाड असतो, साधारण प्रत्येक बाजूने 20 अंश. लाकडाला 12 ते 15 अंश हवेत. दीड सेंमी रुंद पातं असेल तर दगडावर ठेवून पाठ सुमारे 3 मिमी उचला, एकावर एक दोन नाणी ठेवल्यासारखी. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड चालेल. आधी जाड्या बाजूने एका अंगाला घासा, दुसऱ्या अंगाला अंगठ्याला खरखर लागेपर्यंत. मग दुसरं अंग, मग बारीक बाजू, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची पेस्ट लावून पाठीच्या दिशेने 20-30 हात. धारेच्या दिशेने ओढलं तर चामडंच कापाल. खरखर पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. ती राहिली की चाकू पहिल्या दोन कापांत तिखट वाटतो, तिसऱ्यात बोथट. 10 अंशांखाली गेलात तर गाठीवर धार तुटते. आणि साणेवाल्याच्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडून पातं निळं पडलं की त्या जागेचं पाणी उतरलं, तिथे पुन्हा धार टिकत नाही. अर्धा तास कोरलं की पुन्हा पट्टा मारायचा, दगड क्वचितच लागतो.

लाकूड: पांगारा, शिवण, काटेसावर. पांगारा आणि सावर इतके मऊ की बारीक कडा चुरतात, शिवण सगळ्यांत समजूतदार. कडुनिंब ओला असताना कोरा, पण त्याच्या रेषा (लाकडाचे तंतू) उलटसुलट फिरतात, त्यामुळे उचकटतो. साग आपल्याकडे मुबलक, पण त्यात सिलिका असते, धार खातो. अंजन, धावडा, खैर यांच्या वाटेला जाऊ नका. बांधावरची छाटलेली फांदी चालेल, जंगलातली नको. ओल्या लाकडाची दोन्ही टोकं मेणाने बंद करून सावलीत ठेवा, आपल्या उन्हात एका दिवसात चिरा पडतात.

पातं शस्त्र नियमांतल्या 9 इंचांच्या मर्यादेच्या कितीतरी आत आहे, तरी सणासुदीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा (शस्त्रबंदीचा) आदेश लागू असेल तेव्हा चाकू खिशात घालून बाजारात फिरू नका.

बैल कोरताना लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेने उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर पाय पहिल्याच आठवड्यात मोडतात. शिंगं मात्र अंगातूनच काढायच्या नादी लागू नका, ती वेगळ्या काडीची करून भोकात बसवा.