अलायनरमुळे दाढा भिडेनाशा झाल्या. पैसे परत मागता येतील?

प्रश्न: मी गोव्यात डिचोलीला राहते. पुढचे दात वाकडे होते म्हणून ऑनलाइन जाहिरात बघून पारदर्शक अलायनर (दात सरळ करणारे प्लास्टिकचे ट्रे) घेतले. ७८ हजार रुपये, कर्जाच्या हप्त्यांवर. एक मुलगा घरी येऊन तोंडाचं स्कॅन करून गेला, मग ट्रे कुरियरने येत राहिले. डेंटिस्टने एकदाही तपासलं नाही. नऊ महिन्यांत पुढचे दात सरळ झाले, पण मागच्या दाढा भिडत नाहीत. उंडो (कडक पाव) चावायचा तर नको होतं. दाढांत कागद धरला तर अलगद ओढून निघतो. कंपनी म्हणते, तुम्ही रोज २२ तास ट्रे घातले नाहीत, आणि वाद असेल तर बेंगळुरूच्या कोर्टात या. हप्ते थांबवू का?

उत्तर: ताई, बेंगळुरूला जायला नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पर्वरी. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आता खरी अडचण. दाढा न भिडणं हा अलायनरचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. चांगल्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाच्या) हातूनही होतो. त्यामुळे ‘दात बिघडले’ एवढ्यावर लढलात तर समोरचा वकील हसत हसत सुटेल. तुमची बाजू बळकट आहे ती दुसऱ्या जागी: तपासलं कोणी? एक्स-रे काढला का? दात हलवायची योजना कुठल्या नोंदणीकृत डेंटिस्टने मंजूर केली? त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक कंपनीकडे आजच ईमेलने मागा. उत्तर आलं तर माणूस सापडला, नाही आलं तर ते मौनच जोडा.

चौथ्या महिन्यात तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘मागचे दात लागत नाहीत’ लिहिलंत आणि ‘नॉर्मल आहे, पुढचा ट्रे घाला’ असं उत्तर आलं, त्याचा स्क्रीनशॉट तुम्ही जोडलाय. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात हाच कागद सगळ्यात मोलाचा. फोन विकू नका, बदलू नका. असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा मसुदा वकील करून देईल.

दात दुरुस्त करून घ्यायची घाई समजते, पण आधी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा. आजची स्थिती, फोटो, एक्स-रे आणि लेखी मत हातात आल्यावरच नवे उपचार. आधीच दुरुस्ती झाली, तर आयोगासमोर दाखवणार काय?

हप्ते मात्र एकदम थांबवू नका. कर्ज देणारा वेगळा, कंपनी वेगळी; थकलं की सिबिल तुमचाच बिघडेल. त्यांनाही वाद लेखी कळवा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि वापरलेले ट्रे? नंबरासकट एका डब्यात भरून ठेवा, घरातल्या कुणी ‘हे प्लास्टिक कशाला’ म्हणत टाकून द्यायच्या आत.