रुबी शिकताना: आधी कागदावर, मग संगणकावर

रुबी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना सरावासाठी तुम्ही सोलापुरी चादरींच्या दुकानाचे बिल करणारा प्रोग्रॅम निवडला हे उत्तम झाले, कारण रुबीतील पहिली अडचण तिथेच समोर येते. ‘गेट्स’ (gets) या, कीबोर्डवर टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या आज्ञेने घेतलेली किंमत संख्या नसून मजकूर असते; म्हणून ‘चॉम्प’ (chomp, ओळीच्या शेवटी आलेले एंटरचे चिन्ह काढणारी आज्ञा) लावलेल्या ४५० ला ३ ने गुणले, तर १३५० न येता ‘४५०४५०४५०’ येते आणि रुबी तक्रारही करत नाही. ‘टू_आय’ (to_i) या मेथडने, म्हणजे आज्ञेने, त्या मजकुराचा पूर्णांक करून घ्यावा, मात्र किंमत देवनागरी अंकांत टाइप केली, तर तीच मेथड निमूटपणे शून्य देते, हे आपल्याकडच्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. याउलट ३ ला त्या मजकुराने गुणले, तर टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारचे मूल्य दिल्याचा एरर, येतो, आणि माझ्या मते तो आलेला बरा, कारण त्यात ओळीचा क्रमांक व कारण दोन्ही असतात. एररचा संदेश पूर्ण वाचण्याइतकी मोलाची सवय दुसरी नाही. शंकास्पद ओळ आयआरबीत (irb, रुबीची एकेक ओळ लगेच चालवून उत्तर दाखवणारे साधन) एकटी चालवून पाहा. कोड लिहिण्यापूर्वी एका गिऱ्हाइकाचे बिल कागदावर करा, शून्य चादरींचेही करा, आणि मदत मागताना कोड, अपेक्षित उत्तर व प्रत्यक्ष आलेले उत्तर ही तिन्ही जरूर द्या.