पुतण्यांच्या पैशाचे विश्वस्त

प्रश्न : भावाने मृत्युपत्रात त्याच्या दोन मुलांसाठी (वय 13 व 9) न्यास केला आहे. वहिनी आणि मी विश्वस्त. 40 लाख रुपये सध्या माझ्या बचत खात्यात आहेत. थोरलीच्या क्लासच्या फीसाठी मुद्दलाला हात लावता येईल का? माझ्या दुकानासाठी 12 टक्के व्याजाने रक्कम घेतली तर मुलांचाच फायदा नाही का? आणि 'पंचविसाव्या वर्षी द्यावे' ही अट बंधनकारक आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे आधी तुमच्या खात्यातून हलवा. न्यासाच्या नावाने पॅन काढा, त्यावर दोघांच्या सहीने चालणारं खातं उघडा. तुमच्या पॅनवर ठेव राहिली तर व्याज आणि त्यावरची करकपात तुमच्या नावावर दिसते. पुढे रक्कम मुलांचीच होती हे सिद्ध करणं जड जातं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी लागत नाही. ती सार्वजनिक न्यासांसाठी. खासगी न्यासाला भारतीय न्यास अधिनियम, 1882 लागू होतो.

दुकानासाठी एक रुपयाही घेऊ नका. बँकेपेक्षा जास्त व्याज दिलंत तरीही नाही. न्यासाच्या पैशातून विश्वस्ताने स्वतःचा फायदा करून घेऊ नये, असं कलम 51 सांगतं. धंदा बुडाला तर भरपाई तुमच्या खिशातून. वहिनींची संमती असली तरी सुटका नाही, कारण पैसा त्यांचाही नाही.

फी आधी उत्पन्नातून, म्हणजे व्याजातून भरा, तीही थेट क्लासच्या खात्यात. उरलेलं व्याज परत गुंतवा. व्याज पुरत नसेल आणि मृत्युपत्रात मुद्दल खर्चण्याची मुभा नसेल, तर कलम 41 नुसार जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्या. गुंतवणूक कुठे करायची हेही आधी मृत्युपत्रातच पाहा. प्रत्येक मुलाच्या खर्चाचं पान वेगळं ठेवा. थोरलीवर जास्त खर्च झाला, ही तक्रार धाकट्याकडून दहा वर्षांनी येते आणि तेव्हा पावत्याच उपयोगी पडतात.

अटीचं उत्तर मृत्युपत्राच्या शब्दांत आहे. रक्कम निःसंशय मुलांचीच आणि फक्त हाती देणं लांबवलेलं असेल, तर कलम 56 खाली ती अठराव्या वर्षीही मागता येते. मात्र वाटे वेगळे ठरवलेले नसतील तर दोघंही सज्ञान आणि एकमत हवीत. म्हणजे धाकटा अठराचा होईपर्यंत थोरलीला थांबावं लागेल. 'मूल पंचविशीआधी गेलं तर रक्कम अमक्याला' असं कलम असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय रक्कम सोडू नका.